महानंदाची हाक मोजली त्या दिवशी

“टोपी घालूनबी माणूस खोटंच बोलत असंल, तर मंग काय करायचं, सर?”

गोदावरीचा हा प्रश्न कितीतरी वर्षांपूर्वीचा, पण अजून माझ्या तारांत अडकून आहे. मित्रांनो, मी मेंदूच्या लाटा मोजणारी एक जुनी टोपी आहे. कापडी अंग, त्यावर चांदीची वीस बटणं आणि पाठीवर तारांची वेणी. लातूरच्या ट्यूशन एरियात माझा संसार मांडला गेला. आधी शिकवणीच्या पोरांचं चित्त थाऱ्यावर आहे का, ते मी मोजायची. पुढं दारावर पाटी लागली, ‘खरं-खोटं तपासून मिळेल’, आणि माझा मान वाढला.

भूकंपाला पंधरा वर्षं झाली होती, तेव्हा पार्वतम्मा आपल्या दोन लेकरांना घेऊन आली. तिची धाकटी महानंदा ढिगाऱ्याखाली गेली होती. पोर लई वेळ हाका मारत होती, असं शेजारणी सांगायच्या. त्या रात्री बारा वर्षांचा असलेला बसवराज तेवढा आईबरोबर वाचला. थोरली गोदावरी तेव्हा मुखेडला मावशीकडं. ‘हाक ऐकून तू पळालास,’ हा तिचा भावावर ठपका. त्यानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, तरी तिनं पंचमीला माहेरी येणं सोडलं.

“आज खरा निघाला तर येईन,” ती म्हणाली. “न्हाई तर माहेर मेलं मला.”

“अक्का, किती बार सांगू? मला हाक आलीच न्हाई.”

तपासणी करणाऱ्या मिहिर सरांनी मला बसवराजच्या डोक्यावर बसवलं. त्याचा घाम माझ्या बटणांना लागत होता. त्याच्या कानात वाक्य सोडलं, ‘मी महानंदाची हाक ऐकली.’ लाट उसळली. पडद्यावर लाल खूण उमटली, म्हणजे ही आठवण डोक्यात आहे.

“बघा,” गोदावरी म्हणाली.

“थांबा ताई,” मिहिर सर म्हणाले. “ताडून बघायला एकदा तुम्हालाही लावतो. तुम्ही तर तिथं नव्हतात.”

“माझ्या डोस्क्यात काय घावणार?”

“मग बसायला काय हरकत?”

ती बसली. तेच वाक्य. लाट भावाच्याहून उंच गेली, तीच लाल खूण.

मित्रांनो, मी लाट दाखवते. ती कानातून आली की काळजातून, ते मला कुठं कळतं? मुखेडला असलेल्या बहिणीनंही पंधरा वर्षं ती हाक रोज ऐकली होती. आता मी कपाटात पडून आहे, बटणं काळवंडलीत. मला कुणी पुन्हा बाहेर काढलंच, तर एवढं करा. आधी आपल्या माणसाला मायेनं विचारा, आणि ते बोलेपर्यंत दम धरा.

त्या दिवशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या पार्वतम्माला तर कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. तिनं लेकीकडं पाहिलं, मग लेकाकडं.

“ह्याला कशी येईल हाक?” ती म्हणाली. “मला आली होती. भिंत खाली यायला लागली होती. हा मागं फिरंल म्हणून ह्याचं डोस्कं छातीशी धरलं, दोन्ही कान मीच दाबले, आन् तशीच भाईर निघाले.”