एक लांब, दोन आखूड

निवृत्त झाल्यापासून चार महिन्यांत आमच्या ह्यांनी घरातल्या झाडून सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, दोन चालती घड्याळं दुरुस्त करून बंद पाडली आणि माझ्या स्वयंपाकघरात जाण्यायेण्याचे नियम घालून दिले. बावीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवलेला माणूस घरात बसला की असंच होतं. त्यात निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषणात भलत्याच ड्रायव्हरचं नाव घेतलं होतं. ते ह्यांना फार लागलं होतं. एकदा मी त्यावरून चेष्टा केली, तर म्हणाले, "इथे नसेल कोणी ओळखत. टेकडीच्या लाइनीवर चल, तिथे कोणालाही विचार."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर इंजिनाचं नाव काढणार नाही पुन्हा."

हे ऐकून मी घाबरले. इंजिन वजा केलं तर ह्यांच्याकडे बोलण्यासारखं काय उरतं, ते बायको म्हणून मला चांगलं ठाऊक होतं. मी मुकाट्याने डबा बांधला.

ती टेकडी सपाट मैदानात एकटीच उभी आहे, पालथं पातेलं ठेवावं तशी. रुळांनी तिला अर्धा वळसा घातलाय आणि त्या वळशावर तीन चिमुकली स्टेशनं आहेत. लोक लांबून टेकडी बघायला येतात. ह्यांची गाडी मात्र तिथे कधीच थांबली नव्हती. रोजची दीडची सिमेंटची मालगाडी, आठवड्यातून चार दिवस ह्यांच्या पाळीत, धडधडत निघून जायची.

पहिल्या स्टेशनात हे शर्ट नीट खोचून उतरले. स्टेशन मास्तर लगबगीने पुढे आले. ह्यांचा चेहरा फुलला.

"टेकडी बघायला ना?" मास्तर म्हणाले. "अगदी योग्य ठिकाणी उतरलात. तिचं तोंड आमच्या बाजूला आहे. पुढच्या दोन्ही गावांना नुसती पाठ दिसते."

"अहो, मी दीडच्या मालगाडीचा ड्रायव्हर. अकरा वर्षं तुम्ही मला झेंडा दाखवलाय."

मास्तरांनी ह्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "असेल, असेल. पण झेंडा धरला की माझी नजर चाकांवर. धूर येतोय का, काही लोंबतंय का. वर कोण बसलंय ते बघायला सवड कुठली?"

नियमाने बघितलं तर मास्तरांचं काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर ह्यांना रागावताही येईना.

दुसऱ्या स्टेशनात चहावाला होता. हे त्याच्यासमोर उगाचच दोनदा बाजू बदलून उभे राहिले, चेहरा डावीकडून ओळखीचा वाटेल की उजवीकडून, म्हणून. शेवटी स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "काका, जी गाडी थांबत नाही तिच्यातला माणूस माझ्या काय कामाचा?" मग मला म्हणाला, "ताई, टेकडीचं तोंड आमच्या बाजूला आहे बरं का."

परतीच्या गाडीला वेळ होता. हे बाकावर बसून राहिले. मला खरंच वाईट वाटत होतं. कुठल्या दुर्बुद्धीने मी ह्यांना डिवचलं, असं झालं.

"अजून फाटकवाली आहे ना," मीच म्हणाले.

ही फाटकवाली मला बारा वर्षं ऐकून माहीत होती. तिसऱ्या स्टेशनच्या अलीकडे, अगदी टेकडीच्या पायथ्याशी तिचं फाटक. एका हातात हिरवा झेंडा धरायची आणि दुसरा हात जोरजोरात हलवून ह्यांना रामराम करायची म्हणे. मग हेही नियमाचा लांब भोंगा झाला की वर दोन आखूड द्यायचे, खास तिच्यासाठी. मला स्वतःला ह्यांनी कधी सायकलची घंटीसुद्धा वाजवली नव्हती, पण ते असो.

आम्ही पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं आणि चाळिशीची एक दणकट बाई फाटकाशेजारच्या खोलीच्या सावलीत तांदूळ निवडत होती. टेकडीला पाठ करून बसली होती.

"टेकडी पलीकडे," ती मान वर न करता म्हणाली.

"मी दीडच्या मालगाडीचा..." ह्यांचा आवाज एवढासा झाला होता. "एक लांब, दोन आखूड."

सूप खाली आलं. बाई उठून उभी राहिली.

"पोंपोंवाले तुम्ही?"

"हो," हे म्हणाले. काय ते हसू. लग्नातसुद्धा असे हसले नव्हते.

"बारा वर्षं," बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बारा वर्षं मी तुम्हाला हात करून सांगतेय, की बाबा, गप जा. सासरे आत नुकते आडवे झालेले असायचे. तुमचं पोंपों झालं की उठून बसायचे आणि चहा मागायचे. मी जितका हात हलवावा तितके तुम्ही जोरात वाजवायचे. किती शिव्या घातल्यात तुम्हाला, विचारा."

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला. हे मात्र अगदी मन लावून शिव्यांची हकीकत ऐकत होते, कोणी मानपत्र वाचावं तशी.

"मग आता तरी झोप होते ना त्यांची?" मी विचारलं.

बाईचा सूर उतरला. "कसली झोप, ताई. चार महिने झाले, सासरे दुपारचे उठतच नाहीत. पोंपों आलं की उठतो म्हणतात. दुसरे ड्रायव्हर नुसता नियमाचा लांब वाजवून जातात. किती वाजले ते सांगितलं तर म्हणतात, गाडी लेट आहे. ह्याच फाटकावर उभी हयात गेली त्यांची, आता डोळ्यांनी दिसत नाही. मी काय सांगू?"

आत खिडकीशी खाट होती. भिंतीकडे तोंड करून म्हातारबाबा पडले होते.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रुळांच्या कडेला जाऊन सरळ उभे राहिले, घसा साफ केला आणि साठ वर्षांच्या त्या माणसाने दोन्ही तळवे तोंडाशी धरून भर उन्हात एक लांब भोंगा दिला. मग दोन आखूड. आवाज अगदीच केविलवाणा आला. दुसरा आखूड तर मध्येच फाटला.

खाट करकरली. म्हातारबाबा कोपरावर जोर देऊन उठले, पाय खाली सोडले आणि थोडा वेळ कान देऊन बसले.

"सूनबाई, चहा ठेव," ते म्हणाले. "भोंगा पार बिघडलाय ह्यांचा. हात मात्र तोच आहे."

घरी आल्यावर जावेने विचारलं, टेकडी कशी आहे. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. दुपारभर आम्ही तिच्या पायथ्याशी बसून चौघांनी दोनदा चहा घेतला होता, आणि तिच्याकडे बघायचं साफ राहून गेलं होतं.