सीटवरचा टॉवेल

सुमंगलाबाईंनी एकदा ठरवले की ते ठरले, हे आमोणे गावात कुणाला वेगळे सांगावे लागत नसे. म्हणून हरमलच्या लग्नाला आपण मोठ्या गाडीतूनच उतरणार, असे त्यांनी जेवताना जाहीर केले, तेव्हा मुलगा शिवदास आणि सून प्राजक्ता दोघेही सोलकढीच्या वाटीत पाहत राहिले. लग्न बाईंच्या नणंदेच्या, म्हणजे पार्वतीच्या, थोरल्या नातवाचे होते.

शिवदास डिचोलीच्या हायस्कुलात शिकवीत असे. त्याने आपल्या ऐपतीची एक लहानशी गाडी पाहून ठेवली होती. कापडी सीटची, मागे नारळांचे पोते मावेल एवढी. मोठी गाडी विकत घेणे घराला झेपणारे नाही, हे बाईही जाणून होत्या. परंतु पणजीच्या एका शोरूमने त्यावर तोड काढली होती. गाडी कंपनीची, वापर आपला. तीन वर्षे दरमहा भाडे भरायचे आणि मुदत संपली की गाडी परत करायची. लीज म्हणतात त्याला.

"आई, तेवढ्याच पैशांत ल्हान गाडी आमची होता. कायमची," शिवदास म्हणाला.

"ल्हान गाडी कायमची ल्हानच रवता," बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

हा हट्ट नुसत्या डौलापोटी नव्हता. खाणी चालू होत्या तेव्हा या घरचे ट्रक धक्क्यावर खनिज नेत आणि दारात लांबलचक गाडी उभी असे. खाणी बंद झाल्या, ट्रक गेले, त्यांच्यामागून गाडीही गेली. बाईंनी त्याचे दुःख कधी तोंडावर दिसू दिले नाही. बसच्या पायरीवरही त्या अशा चढत की कंडक्टर आपसूक बाजूला होई. पण गेल्या चतुर्थीला जे घडले ते मात्र त्यांना गिळता आले नव्हते.

चतुर्थीला त्या पार्वतीकडे हरमलला गेल्या होत्या. पर्यटकांना खोल्या देऊन त्या घराने अलीकडे चांगले दिवस पाहिले होते. विसर्जन आटोपले, सगळ्यांच्या साड्यांचे काठ भिजलेले, आणि पार्वतीचा धाकटा नातू साईश आपल्या नव्या निळ्या गाडीतून त्यांना घरी सोडायला निघाला. दार उघडून त्या बसणार, तोच त्याने एक जुना टॉवेल सीटवर पसरला. अंगण भरलेले होते आणि सगळे पाहत होते. ज्या घरी एके काळी आपल्या गाडीतून तांदळाची पोती गेली, त्या घरच्या पोराने आपल्याखाली टॉवेल घालावा! हरमल ते आमोणे, एवढ्या वाटेत सुमंगलाबाईंनी पाठ म्हणून टेकली नाही.

रविवारी शोरूमचा सर्वेश गाडी दाखवायला घेऊन आला. काळीभोर, लांब, आणि आवाज म्हणाल तर मांजराच्या पावलाइतका. शेजारची माणसे कुंपणाशी जमली. बाई अबोलीची वेणी माळून, हळदकुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या. नारळ फोडायला सर्वेशची हरकत नव्हती. काचेवर देवीचे नाव लिहिता येईल का, असे त्यांनी विचारले, तेव्हा चिकटवता येईल, पण परत देताना काढावे लागेल, असे सर्वेशने अदबीने सांगितले. बाईंना ते रुचले नाही, पण त्या पुढे झाल्या. आतली सीट सायीच्या रंगाची होती. सर्वेशने एकवार त्यांच्या हातातल्या वाटीकडे पाहिले, मागून एक घडी घातलेला टॉवेल काढला आणि सीटवर अंथरला.

प्राजक्ताने मान खाली घातली. पुढे काय होणार, या भीतीने शिवदास दोन पावले पुढे आला.

"ह्या कित्याक?" बाईंनी शांतपणे विचारले.

"आजी, मनाक लावन घेव नकात. गाडी परत घेताना सीटवरचो एकेक डाग तपासतत आणि भरपाई लावतत. लीजवाले सगळेच टॉवेल ठेवतत. हरमलाक आमच्याकडसून लीजवर गाडी घेतल्लो एक झिलगो आसा, तो तर आपल्या आज्येकसुद्धा तसो बसूक दिना."

"गाडी निळी?"

सर्वेश चपापला. तुम्हाला कसे ठाऊक, असे त्याने विचारले.

दारावर हात ठेवून बाई उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, हे खोटे कशाला सांगावे? चांगले धारदार शस्त्र आयते हाती आले होते. भर मांडवात एकच वाक्य टाकायचे होते. पण मग डोळ्यांपुढे पार्वती आली. आपल्याच घरच्या गाडीत ती टॉवेलावर बसत होती, तीही सगळ्यांदेखत. आणि त्यांच्या मनात आले, ही काळी गाडी दारात आली की उद्या आपणही तेच करणार. हळर्णहून प्राजक्ताची आई ताज्या भाजीचा ओला भारा घेऊन येईल, आणि तिच्यासाठी टॉवेल शोधणारा हात आपला असेल.

सर्वेशला त्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही. गाडी वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या. गाडी खरोखर देखणी होती. मग त्या मुलाकडे वळल्या.

"तुझी ती ल्हान गाडी. रंग खंयचो?"

"पांढरो."

"पांढऱ्यार चिखल दिसता. तांबडी घे."

हळदीच्या दिवशी तांबडी गाडी हरमलला पोहोचली. टॅक्सी आणि स्कूटरींच्या दाटीत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. ते बाईंना लागले. शस्त्र अजून जिभेवर होतेच.

हळद लागली आणि ग्रामदेवतेला नारळ द्यायची वेळ झाली. पार्वती तबक घेऊन अंगणात उभी होती. लुगडे तेलाने आणि हळदीने माखलेले, हातही पिवळे. साईश निळ्या गाडीला टेकून अवघडून उभा होता. लुगडे बदलून ये, असे त्याने तिला हळूच सांगितले. वेळ निघून चालली, असे भटजी म्हणत होते. पार्वती कधी नातवाकडे, कधी आपल्या हातांकडे पाहत होती.

भाड्याच्या गाडीला केवढे ते जपणे, एवढेच शब्द होते. सुमंगलाबाईंनी ते गिळले.

"शिवदास, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "पार्वती, चल."

पार्वती दाराशी आली आणि थबकली. तिने काखेतून घडी घातलेला टॉवेल काढला. तो ती हल्ली जवळच बाळगत असावी.

"वयनी, रव जरा. टॉवेल घालतंय. हळदीचो डाग जायना."

बाईंनी तो टॉवेल तिच्या हातातून घेतला, तिच्या बोटांवरचे तेल त्याने पुसले आणि तो ओसरीच्या दांडीवर टाकून दिला.

"बस अशीच. डाग पडलो तर आमच्या गाडयेक पडतलो."

पार्वती आधी कडेला टेकली, मग सावरून बसली, आणि देवळाचे वळण येईतो मागे रेलली. हळदीचा वास गाडीभर पसरला होता. तिच्या शेजारी सुमंगलाबाईंनीही पाठ टेकली.