बर्फात ताठ उभा राहिलेला दोर

मी एक जुना काथ्याचा दोर आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही. समुद्रसुद्धा पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटाच वाटतो.

मित्रांनो, माझा जन्म मालवणच्या किनाऱ्यावरचा. नारळाची सोडणं, म्हणजे वरच्या जाड साली, खाडीच्या चिखलात महिनोन्महिने कुजवली, दगडावर बडवली, आणि आनंदीबाईंनी मांडीवर घासून घासून मला वळलं. त्यांचे यजमान तुकाराम रापणीला जात, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं ते मोठं जाळं. त्या जाळ्याला मी असायचो. एकदा तर जाळ्यात अडकलेलं गलबत मी शिडासकट वाळूवर आणलं होतं. असो, ते पुन्हा कधीतरी.

तुकारामांचा मुलगा सत्यवान होडीवर न जाता पायदळात शिपाई झाला. निघताना आनंदीबाईंनी मला त्याच्या बिस्तऱ्याभोवती गुंडाळलं. म्हणाल्या, "घेवन जा. माझो दोर तुटाचो नाय."

पलटणीत वालावलचा यतीन होता, भातशेतीवाल्या घरातला. मला बघून तो पोट धरून हसला. "अरे सत्या, लढाईक म्हशीचा दावा हाडलंस?" मला म्हशीचं दावं म्हणाला!

"तुका बांधूक हाडलंय," सत्यवान म्हणाला. त्या दिवसापासून दोघांची गट्टी.

मग ती बर्फाळ डोंगरांवरची लढाई पेटली. एका सकाळी धुक्यातून दारूगोळा वर नेताना यतीनचा पाय घसरला आणि तो खालच्या अरुंद कपारीवर जाऊन पडला. पाय मोडलेला. समोरच्या कड्यावर शत्रू. धुकं होतं तोवर यतीन कोणाला दिसत नव्हता. धुकं विरलं की संपलंच. सरकारी दोर पुढच्या तुकडीबरोबर गेले होते. उरलो मी!

सत्यवाननं मला उलगडलं आणि काय केलं ठाऊक आहे? बाटलीतलं सगळं पाणी माझ्यावर ओतलं. आमच्या किनाऱ्यावर कोरड्या दोराला कोणी हात लावत नाही. काथ्या पाणी प्यायला की घट्ट होतो. पोरानं जन्मभर पाहिलेलं, हातांनी आपसूक केलं. पण तिथे पाणी ओतायचा अवकाश, त्याचं बर्फ! दुसरा दोर असता तर काचेसारखा कडाडला असता. मी? मी बांबूसारखा ताठ उभा राहिलो, थेट कपारीपासून वरपर्यंत. आणि यतीन मोडक्या पायानं माडावर चढावं तसा माझ्यावरून सरसर वर आला. येता येता त्यानं एक आरतीही म्हटली.

सुट्टीवर आल्यावर सत्यवाननं आईला एवढंच सांगितलं, "आये, तुझ्या दोरान यतीनाक वाचवल्यान." आनंदीबाईंनी मला नारळ फोडून ओवाळलं. शेजारपाजारच्या बायका मला बघायला आल्या. तेव्हापासून पडवीतल्या खुंटीवर माझी जागा.

आणि आता बघा माझे हाल! नायलॉनचे दोर आले, मला कोणी विचारीना. आज सकाळीच सूनबाई संचिता म्हणाली, "ह्या काथ्याक आता न्हाणीच्या चुलीत घालतंय. पाणी तरी तापात."

नशीब, तेवढ्यात सत्यवानची मुलगी तन्वी तिच्या वर्गातली सगळी मुलं घेऊन आली. उद्या शाळेत तिला बाबांच्या लढाईबद्दल बोलायचं आहे. बाबा सांगतात काय? "थंडी खूप होती." बस. म्हणून हे सगळं मला सांगावं लागतंय. आनंदीबाई झोपाळ्यावर बसून मान डोलावताहेत. दर वर्षीप्रमाणे काजू घेऊन आलेला यतीन लंगडत येऊन खांबाला टेकलाय. तो माझा साक्षीदार, विचारा हवं तर!

"मगे तुझ्या मधी ही गाठ कसली?" तन्वीची मैत्रीण दिव्या विचारते.

शोभेची! मोठ्या दोरांना असते.

"आणि बाबांची बोटां वाकडी कित्यान झाली?" तन्वी विचारते.

ती ना, घरचं जाळं ओढताना झाली असतील. लढाईशी त्याचा काही संबंध नाही. तिथे तुझ्या बाबांना काही करावंच लागलं नाही, बाळ. ते आपले वर उभे राहून माझी गंमत बघत होते. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंचा मान राखा. त्यांनी तुमची माणसं घरी आणली आहेत. त्यांना चुलीत घालू नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा, थोडं तेल...

"पुरे झाला!" यतीन खांब सोडून पुढे येतो. "खोटा बोलता ह्यो दोर!"

"यत्या, गप रव," सत्यवान दारातून आईकडे बघत म्हणतो. "आवस ऐकता."

"ऐकांदे! तिच्यासाठीच इतकी वर्सां तोंड शिवन बसलंय. पण आता ह्यो तुझ्या पोरीक सांगता, बापान काय्येक करूक नाय म्हणान?" यतीन सत्यवानचा उजवा हात धरून सगळ्या मुलांसमोर वर करतो. "मी काठाक पोचाक इलंय आणि दोर मधीच तुटलो, आये. काडी मोडता तसो. तुझ्या झिलान बर्फात पालथो पडान माझ्या मनगटाक धरल्यान, आणि लोकां येयसर सोडूक नाय. ह्याच बोटांनी!"