टिकुरिया बंधीवरचा रविवार

काशीसमोरचं रामनगर मागे टाकून दक्षिणेला निघालं की दीड-दोन तासांनी डोंगर लागतात, आणि त्यांच्या पायथ्याला टिकुरियाची बंधी आहे. बंधी म्हणजे मातीचं लहान धरण. तीन पुरुष उंच, माथ्यावरून एक जीप जेमतेम जाईल एवढं रुंद. खाली दोन वस्त्या आणि त्यांची भाताची शेतं. बंधीच्या एका टोकाला सिंचाई खात्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि त्यात ढुंढिराज सतरा वर्षं राहत होते. खात्यात ते मेट होते, म्हणजे बांधावर देखरेख करणारे मुकादम. गावात मात्र सगळे पंडितजी म्हणत, कारण ते काशीच्या दुर्गाघाटावरच्या मराठी ब्राह्मणांच्या घरातले. घरची यजमानांकडची भिक्षुकी थोरले भाऊ दत्तात्रेय बघत. ढुंढिराजांनी नोकरी धरली.

त्यांची बायको शरदिनी चार वर्षांपूर्वी याच क्वार्टरमध्ये तापाने गेली आणि तिच्याबरोबर त्यांची मराठीही गेली. मुलगा ओजस नोएडाला, तो फोनवर हिंदीत बोले, तेही मोजकंच. दुर्गाघाटच्या घरी अकरा माणसं होती, पण पुतणे, सुना, त्यांची पोरं सगळी हिंदीत भांडत आणि हिंदीतच लाड करत. सणाला गेले तरी ढुंढिराज दुसऱ्या दिवशी परत येत. बंधीवर शिवमूरत नावाचा मातीकाम करणारा बेलदार होता, भला माणूस. पण त्याच्याशी बोलणं भोजपुरीत, आणि विषय दोनच: धान आणि बांध पोखरणारी साळिंदरं. कधी आठवडा सरे आणि आपण मराठीचा एक शब्द उच्चारला नाही हे ध्यानात येई. मग सकाळी पाण्याची पातळी बघताना ते आकडा मराठीत मोठ्याने म्हणत.

काम साधं होतं. सकाळी सात, अकरा आणि दुपारी चार वाजता बांधाच्या खालच्या अंगाने पायी फेरी मारायची आणि रजिस्टरात लिहायचं. मातीचा बांध थोडाफार झिरपतोच. पाणी निवळ असेल तर काळजी नाही. गढूळ आलं, तर मात्र आतली माती वाहून चालली आहे असं समजायचं.

भाद्रपदात बंधी काठोकाठ भरे आणि रविवारी बनारसची माणसं सहलीला येत. बांधाच्या उतारावर खड्डे खणून गोवऱ्या पेटवत, बाटी-चोखा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत करत, माथ्यावर मोटरसायकली पळवत. ढुंढिराज त्यांच्याशी वाद घालून दमत. तरी सोमवारपासून ते रविवारचीच वाट बघत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ते एका टोळक्याला उतारावरून उठवत होते, तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला.

"अंतरा, पाण्याजवळ जाऊ नकोस. शेवाळ आहे, पाय घसरेल."

ढुंढिराज होते तिथेच थांबले. मग वळून त्या बाईपाशी गेले आणि तुम्ही कुठले, असं मराठीत विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. बाईचं नाव गीता. नवरा आदित्य रेल्वेत अधिकारी, जूनमध्ये नागपूरहून बदलून आलेला. मुलगी नऊ वर्षांची. इथे रानात मराठी माणूस भेटला म्हणून गीताला नवल वाटलं. काका, तुमचं बोलणं अगदी आमच्या पणजीसारखं आहे, असं ती हसून म्हणाली आणि सतरंजीवर जागा करून दिली.

तिने दडपे पोहे केले होते. ढुंढिराजांनी नको-नको म्हणत दोनदा घेतले. गीता विचारत गेली आणि ते सांगत गेले: काशीत त्यांचे पूर्वज कसे आले, राजाघाटाच्या पायऱ्यांवर ते पोहायला कसे शिकले, शरदिनी इथल्या चुलीवर पुरणपोळी कशी करायची. नेमके मराठी शब्द आठवेनात तिथे ते अडखळत आणि हिंदी शब्दावर भागवत. अंतरा त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. आदित्य फोनवर होता. ऊन चढलं, सतरंजी दोनदा सावलीत सरकवली. खिशातल्या घड्याळाकडे ढुंढिराजांनी पाहिलं तेव्हा साडेबारा वाजले होते.

अकराची फेरी राहिली होती. आलोच, म्हणून ते उठले आणि उतारावरून खाली गेले.

जुन्या मोहाच्या बुंध्यापाशी नेहमी थोडी ओल असायची. आज तिथे हाताच्या ओंजळीएवढा झरा उकळल्यासारखा वर येत होता, आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं कडं जमलं होतं. पाणी चहाच्या रंगाचं होतं. ढुंढिराजांनी त्यात बोटं घातली; बोटांवर चिखल आला. सकाळी सातला इथे निवळ पाणी होतं. ते कधी गढूळलं असेल, सव्वाअकराला की बाराला, हे आता सांगता येणार नव्हतं.

त्यांनी ज्युनिअर इंजिनिअरला फोन लावला. साहेब म्हणाले, रविवार आहे, फोटो पाठवा, मी वर कळवतो. शिवमूरतला त्यांनी रिकामी पोती घेऊन यायला सांगितलं आणि प्रधानाला, म्हणजे गावच्या सरपंचाला, देवळाच्या भोंग्यावरून दोन्ही वस्त्यांना उंचावर हलायला सांगायला सांगितलं. मग ते धापा टाकत वर आले. बांधावर दीडशेच्या वर माणसं होती, स्पीकर वाजत होता. ते हिंदीत ओरडले, हात हलवले. रोजचीच कटकट समजून कुणी मानही वर केली नाही.

तेव्हा ते सतरंजीपाशी गेले.

"गीताताई, उठा. भांडी राहू द्या. मुलीला घेऊन गाडीत बसा, तुरंत."

"काय झालं, काका?"

"बांध आतून वाहतो आहे."

आदित्यने फोन कानावरून काढला. तुम्ही लोकांना घाबरवता आहात, असं तो म्हणाला. गर्दीत चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण, तुमच्याकडे लेखी आदेश आहे का? त्याचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. पण गीताने ढुंढिराजांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला कडेवर उचललं. एवढ्या मोठ्या मुलीला असं उचललेलं पाहून शेजारच्या बायका उठल्या. त्या उठल्या तशी बातमी पसरली, स्पीकर बंद झाला. ढुंढिराज माथ्याच्या मधोमध उभे राहून एकेका गाडीला वाट देत राहिले. पंधरा मिनिटांत बांध रिकामा झाला. धुमसत्या गोवऱ्या आणि अर्ध्याकच्च्या बाट्या तशाच राहिल्या. गीताची गाडी जाताना त्यांना दिसली नाही.

बंधीतलं पाणी उतरवायच्या दरवाजाचं चाक फिरवायला दोन माणसं लागत. शिवमूरत येईपर्यंत ढुंढिराजांनी एकट्याने ते निम्मं फिरवलं. तळहातांची सालं निघाली. कालव्याला पाणी सुटलं. मग गावची माणसं पोती घेऊन आली. झऱ्याभोवती माती भरलेल्या पोत्यांचं आळं केलं, आत आधी वाळू, वर खडी घातली. पाण्याला वाट ठेवायची आणि माती अडवायची, एवढीच त्यातली विद्या. चार वाजता येणारं पाणी फिकट झालं. सहाच्या सुमाराला ओंजळीत घेतलं तर तळहात दिसला.

इंजिनिअर साहेब संध्याकाळी आले. त्यांनी पाठ थोपटली, रजिस्टर मागवलं आणि अकराचा रकाना रिकामा बघून हळूच म्हणाले की वेळेवर फेरी झाली असं लिहा, उगाच कशाला. ढुंढिराजांनी पेन घेतलं आणि साडेबारा लिहिलं. उशिराचं कारण लिहायची जागा होती तिथे त्यांनी पेन टेकवलं. मग हिंदीत लिहिलं: बोलत बसलो होतो.

त्याबद्दल त्यांना एक ताकीदपत्र आलं, बाकी काही नाही. पोहे खाताना गीताने नंबर घेतला होता; दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बांध टिकला हे ऐकून तिला रडू फुटलं. आदित्य रागावलेत, पण पुढच्या पावसाळ्यात नक्की येऊ, म्हणाली. ढुंढिराज म्हणाले, या.

पण कुणी यायचा प्रश्नच उरला नाही. चौकशीत झऱ्याच्या वरच साळिंदराचं जुनं बीळ निघालं, आणि उतारावर गोवऱ्यांसाठी खणलेले वीसेक खड्डे मोजले गेले. खात्याने रस्त्यावर फाटक बसवलं, सहलीला बंदीचा फलक लावला आणि दुरुस्तीसाठी पाणी निम्म्यावर आणलं. त्यानंतरचे रविवार मंगळवारासारखेच गेले. दिवाळीनंतर तर शिवमूरतही मुलाकडे सुरतला गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

माघात ढुंढिराजांनी जन्मात पहिल्यांदा साहेबांना अर्ज लिहिला. बांधावर कुणाला येऊ देऊ नये हे बरोबर आहे, पण पश्चिमेला टेकाडाची पक्की जमीन आहे, बांधापासून चारशे पावलांवर. तिथे माणसांना बसू द्यावं. उत्तर आलं नाही. तेव्हा कोयता घेऊन त्यांनी स्वतःच टेकाडावरचे काटे साफ केले, दगडांच्या सहा चुली मांडल्या आणि एका पत्र्यावर रंगाने लिहिलं की बाटी इथे लावा, पाण्यात उतरू नका. विझवायला मातीने भरलेला एक हंडा ठेवला. तिन्ही फेऱ्या चुकवल्या नाहीत. त्यांतून उरलेल्या वेळात हे सगळं करायला त्यांना सव्वा महिना लागला.

फाल्गुनातल्या एका रविवारी फाटकाच्या बाजूच्या तुटक्या तारेतून एक तरुण जोडपं आत आलं. खात्याच्या नियमाने त्यांना हटकायला हवं होतं. ती दोघं टेकाडावर गेली, पत्रा वाचला, एका चुलीपाशी बसली. मुलीने पिशवीतून वांगी काढली. वाऱ्यावर त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. भाषा कोणती ते कळत नव्हतं.

ढुंढिराज क्वार्टरच्या दारात उभे होते. त्यांनी अंगात सदरा घातला, चपला घातल्या. मग वाटलं, आपण दिसलो तर उठवायलाच आलो असं समजून दोघं पळतील. त्यांनी चपला काढल्या आणि धूर वर जाताना बघत उंबऱ्यावर बसले.