वहीतलं बीपी

धाकटीने दीड महिना बीपी मोजलंच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं.

आरोग्य केंद्रात दर शनिवारी पंचेचाळिशी ओलांडलेल्या बायकांचा वर्ग भरायचा. चालायचं किती, मीठ किती, झोप किती, सगळं नर्सबाई शिकवायच्या. घरी मोजायला प्रत्येकीला मशीन आणि नोंदीसाठी वही दिली होती. पहिल्याच सकाळी धाकटीच्या मशीनने एकशे चौसष्ट दाखवलं. तिने मशीन कपाटात कोंबलं आणि वहीत ठोकून दिलं, एकशे बावीस. गणवेशाच्या कारखान्यात दिवसाला साठ कॉलर बसवणाऱ्या बाईला आकडे बसवणं काय अवघड! मधूनच एखादा एकशे तीसही टाकायची, खरं वाटावं म्हणून.

या शनिवारी नर्सबाईंनी तिची वही सगळ्यांसमोर धरली. "बघा, याला म्हणतात शिस्त!"

टाळ्या वाजल्या. धाकटी कसनुसं हसली.

"तुमच्या जाऊबाई नाही आल्या?" शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली. "परवा भेटल्या होत्या. म्हणाल्या, धाकटीचं नुसतं चालून एकशे बावीसवर राहतं, मग मी कशाला गोळ्या गिळत बसू? आठ दिवस झाले म्हणे बंद करून."

थोरली दहा वर्षं बीपीच्या गोळीवर होती. तिच्या आईची एक बाजू याच दुखण्यात लुळी पडली होती.

"बाई, ती वही खोटी आहे," ती उभी राहून म्हणाली. कोणी काय बोललं ते तिने ऐकलंच नाही. ती केव्हाच जिना उतरत होती.

तिने लावलेला फोन वाजत राहिला, थोरलीने उचलला नाही. थोरलीचं घर दोनच गल्ल्या पुढे, पण आज संपता संपेना. काय करून बसलीस ग बये, काय करून बसलीस, एवढंच ती स्वतःला म्हणत होती.

दार थोरलीनेच उघडलं. पायात बूट, चेहरा लालबुंद. "अगं, आत्ताच चार किलोमीटर मारून आले! डोकं तेवढं ठणकतंय."

"मोजलंत का?"

"छे! उगाच मनात शंका कशाला?"

धाकटीने तिला धरून खुर्चीत बसवलं, फळीवरचं मशीन काढलं, दंडाला पट्टा बांधला. एकशे शहाण्णव. मग रडत रडत सगळं सांगून टाकलं. नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, त्यांना हलू देऊ नका, मी गाडी घेऊन निघाले.

थोरली मशीनवरच्या आकड्याकडे बघत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुझंही वाढलेलं होतं?"

"हो."

"आता किती आहे?"

"माहीत नाही."

थोरलीने स्वतःच्या दंडाचा पट्टा सोडला. "शिव्या नंतर घालते. आधी हात दे."

धाकटीने हात मागे घेतला. "नको, जाऊबाई. मला भीती वाटते."

"मला नाही वाटत होय?" थोरली म्हणाली. पट्टा बांधून तिने बटण दाबलं. पट्टा आवळत गेला आणि दोघी जणी मशीनकडे न बघता, बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतोय का ते ऐकत बसल्या.