दाढीआडची हनुवटी

अश्विनला दिवसाढवळ्या झोप लागते, हे वरठीत सगळ्यांना ठाऊक होतं. हातातला चहा निवेपर्यंत त्याचा डोळा लागायचा. लग्नाच्या मांडवात तो खुर्चीवर बसल्या बसल्या घोरायचा. लोक हसायचे, तोही हसण्यावारी न्यायचा. पण पोलाद कारखान्यात क्रेनवर, वर लोखंड लोंबकळत आणि खाली माणसं असताना त्याची मान लवली, त्या दिवसापासून कुणी हसेना. नशिबाने कुणाला खरचटलंही नाही. साहेबांनी त्याला गोदामात बसवलं आणि झोपेचा बंदोबस्त झाल्याचा डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय वर चढायचं नाही, असं बजावलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण क्रेनची केबिन म्हणजे अश्विनचा जीव की प्राण, आणि तो गोदामात तोंड पाडून बसू लागला.

अंगाने तो काडी. घोरायचं ते जाड्या माणसांनी, असा सगळ्यांचा पक्का समज. मग कुणी टॉनिक लिहून दिलं, कुणी रात्री मोबाइल बघतोस म्हणून झापलं. घोरता घोरता याचा श्वासच थांबतो, हलवलं की गचका देऊन सुरू होतो, असं त्याची बायको प्रतिक्षा सांगून थकली. शेवटी तीच त्याला भंडाऱ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी झोपेची तपासणी करवली, तर श्वास खरंच पुन्हा पुन्हा थांबत होता. मग त्यांनी त्याच्या छातीपर्यंत रुळणाऱ्या दाढीत बोटं घालून जबडा चाचपला. खालचा जबडा लहान आहे आणि मागे सरकलेला आहे, त्या म्हणाल्या. झोपेत स्नायू सैल पडले की जीभ घशात मागे पडते आणि हवेची वाट बंद होते. बारीक माणसालाही हे होतं. दातांचे डॉक्टर रात्री दातांवर बसवायची, जबडा पुढे धरून ठेवणारी पट्टी बनवून देतील. फक्त फोटो आणि मापं घ्यायला दाढी काढावी लागेल.

एवढं ऐकलं आणि गडी उठून बाहेर आला. शाळेत पोरांनी त्याला ‘बिनहनवट्या’ म्हणून जीव नकोसा केला होता. दाढी फुटली तशी त्याने ती वाढवली आणि लग्नातही काढली नाही. प्रतिक्षाने त्याची हनुवटी कधी पाहिलीच नव्हती. तीही हसली तर, या धास्तीपुढे त्याला क्रेनसुद्धा सोडून द्यावीशी वाटली.

त्याने तसं सांगितलं तेव्हा प्रतिक्षा आवाज न चढवता म्हणाली, “रातभर तुमच्या नाकाखाली बोट धरून बसली मी. मले दाढीचं काय कराचं हाय? मले सकाळी तुमी जित्ते पाह्यजे.”



दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याने दोनदा विचारून वस्तरा लावला. अश्विन हनुवटीवर रुमाल धरून बाहेर आला. मोटरसायकलपाशी उभ्या प्रतिक्षाने तो हळूच खाली केला. तिने हनुवटी निरखून पाहिली. घरी भिंतीवर त्याच्या वारलेल्या आईचा, वच्छलाबाईंचा फोटो होता, तो तिच्या रोजच्या नजरेतला.

“हे तं मायची हनवटी हाय,” ती म्हणाली. “इतकी चांगली चीज लपवून ठेवली काहून?”

अश्विनने रुमाल खिशात टाकला. डोळे पुसायला तो पुन्हा काढावा लागला.

पट्टीने सुरुवातीला जबडा ठणकला, लाळेने उशी भिजली. त्याने नेट सोडला नाही. मग एका सकाळी त्याला कुणी न उठवता जाग आली. डोकं हलकं होतं. शेजारी प्रतिक्षा गाढ झोपली होती. बायको झोपेत कशी दिसते, हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. चहा त्यानेच ठेवला आणि तिला उठवलं नाही.

पट्टी लावून पुन्हा तपासणी झाली, कागद मिळाला, आणि अश्विन ताठ मानेने केबिनमध्ये चढला. त्याने पहिला भार उचलला आणि नेमका जागेवर अलगद टेकवला, तसे खालचे कामगार टाळ्या वाजवायला लागले. खाली उतरल्यावर साहेबांनी पाठ थोपटली आणि आता दाढी पुन्हा वाढवणार का, असं विचारलं.

अश्विनने हनुवटीवरून हात फिरवला. “नाही साहेब,” तो म्हणाला. “घरवालीले पाह्याले आवडते.”