चष्म्याच्या दुकानातली शर्यत

चार बहिणी लग्न होऊन चार गावांत पांगल्या होत्या, पण रविवारी दुपारी त्या हमखास भेटत. भेटण्याची जागा म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा एक जुनापुराणा ऑनलाइन खेळ. नोकरी, संसार, गुडघेदुखी सगळं बाजूला सारून चौघी कॉम्प्युटरपुढे बसत आणि एकमेकींना मनसोक्त खड्ड्यात ढकलत. एके दिवशी खेळाच्या कंपनीने आपले सर्व्हर कायमचे बंद केले आणि चौघींची तोंडं उतरली.

"आता फोनवर बोलायचं तरी काय?" थोरलीच्या पाठची मधली म्हणाली. "भाज्यांचे भाव?"

थोरली मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. धाकट्या दिराबरोबर ती चष्म्याचं दुकान चालवायची. कंपनीने जाता जाता सर्व्हरचा प्रोग्राम फुकट देऊन टाकलाय, असं तिच्या वाचनात आलं. दिवसभर चालू राहणारा एक कॉम्प्युटर असला की कुणीही तो चालवू शकणार होतं. आणि दिवसभर चालू असलेला कॉम्प्युटर तर तिच्या नाकासमोर, काउंटरवरच होता.

"अजिबात नाही!" दीर उसळला. "वहिनी, सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत यात. तुमचा खेळ बिलांत घुसला तर?"

"नाही घुसणार, भाऊजी. कंटेनरमध्ये ठेवते."

"कशात?"

"डबा म्हणा. खेळाला लागतं ते सगळं त्या डब्यात. दुकानाच्या फायलींना तो हात लावू शकत नाही. मेमरी किती खायची, तेही आपणच ठरवायचं. नकोसा झाला की फेकून द्यायचा."

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून बघून तिने हे सगळं शिकून घेतलं होतं. दिराने हाताची घडी घातली. "मग आधी फेकूनच दाखवा."

तिने दाखवलं. डबा सुरू केला, एका ओळीच्या हुकमाने पुसून टाकला आणि खुर्ची दिराला दिली. त्याने बिलं उघडून पाहिली, नंबर तपासले, प्रिंटरवर एक कागदही काढून पाहिला. कशालाही धक्का लागला नव्हता. मग तिने दुसरा हुकूम दिला आणि डबा पुन्हा हजर झाला. बहिणींनी मिळून बनवलेले वाकडेतिकडे रस्तेसुद्धा जसेच्या तसे होते.

"हे कसे वाचले?"

"ते डब्यात नव्हतेच. बाहेर एका फोल्डरमध्ये आहेत. तेवढ्याच फोल्डरची वाट डब्याला दाखवलीय."

दिराला 'हो' म्हणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तरी त्याने बजावलंच, "बिल अडकलं, तर मी वायर उपटणार."

रविवारी दुपारी थोरलीची पिवळी गाडी आरंभरेषेवर उभी राहिली. एकटीच. स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून तिघींचा गलका ऐकू येत होता.

"कनेक्ट होत नाही गं!"

"ताई, दार उघडलंयस का नुसतीच बेल लावलीयस?" शेंडेफळाने टोमणा मारला.

थोरलीने सगळं पुन्हा तपासलं. सर्व्हर नीट चालू होता, राउटरमध्ये वाट मोकळी होती, मग अडत होतं कुठे? दीर शेजारी उभा राहून मिश्या चोळत होता. तेवढ्यात तिघींपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "जाऊ दे, ताई. आपल्याला नाही जमायचं."

हे 'नाही जमायचं' तिला चांगलंच झोंबलं. तिने फोन उलटा ठेवला, पाण्याचा घोट घेतला आणि डबा सुरू करण्याचा हुकूम पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. भिंगाच्या नंबरात एक उणेचं चिन्ह चुकलं तरी माणूस जिन्यावरून गडगडतो, हे तिला ठाऊक होतं. इथेही तसंच निघालं. इंटरनेटवरची माहिती दोन तऱ्हांनी ये-जा करते, टीसीपी आणि यूडीपी. खेळ सगळा यूडीपीवर चालायचा. राउटरने दोघांनाही आत घेतलं होतं, पण डब्याचं दार मात्र फक्त टीसीपीला उघडलं होतं. ती स्वतः त्याच कॉम्प्युटरवर बसलेली, म्हणून तिला ते दार लागलंच नव्हतं. तिने त्या दाराच्या, म्हणजे पोर्टच्या, आकड्यापुढे 'यूडीपी' जोडलं आणि डबा नव्याने सुरू केला.

मधलीची लाल गाडी टपकली. मग हिरवी. मग शेंडेफळाची जांभळी, आल्या आल्या मधलीला धडकूनच.

"आलो! ताई, आलो गं!" फोन फुटतो की काय असा कल्लोळ उठला. थोरलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ते पुसायला सवड कुठे होती? शर्यत सुटली होती.

ऐन वळणावर एक आजोबा चष्म्याची मोडकी दांडी घेऊन आत आले. दिराने ती बदलून दिली, लगेच आपल्या लॅपटॉपवरून काउंटरच्या कॉम्प्युटरमधलं बिल काढलं आणि प्रिंटरने विनातक्रार कागद बाहेर टाकला. दीर त्या कागदाकडे पाहतच राहिला.

"एवढं काय बघताय?" थोरली मान न वळवता म्हणाली. "डबा आपल्या जागी, बिल आपल्या जागी."

आणि ती पहिली आली.

"फसवणूक!" मधली ओरडली. "सर्व्हर तुझ्याच दुकानात! आमची गाडी वळेपर्यंत तुझी पोचतेसुद्धा!"

"असं?" थोरली उठली. तिने दिराचा लॅपटॉप मागच्या भिंगं घासायच्या खोलीत नेला आणि मोबाइलचं इंटरनेट जोडलं. "आता मीही बाहेरूनच येते. बोला!"

दुसऱ्या शर्यतीत दोघी शेवटपर्यंत चाकाला चाक लावून होत्या. शेवटच्या वळणावर मधलीने तिला कठड्याकडे रेटलं. थोरलीने ब्रेक दाबला, मधलीची गाडी आपल्याच जोराने बाहेर फेकली गेली आणि पिवळी गाडी सुळकन रेषेपार झाली.

"वहिनीऽऽ!" काउंटरवरच्या स्क्रीनवर प्रेक्षक म्हणून शर्यत बघत बसलेल्या दिराने अशी आरोळी ठोकली की समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघायला लागली. फोनवर तिघी एकदम बोलत होत्या, आणि मधली हरूनही सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

थोरली खोलीतून बाहेर आली तेव्हा दीर तिच्या खुर्चीत ठाण मांडून बसला होता.

"यात गाडी निवडतात कशी?" त्याने विचारलं. "आणि ब्रेक कुठलं बटण?"